दक्षिणेचं दार

दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या बांधकाम खात्यानं उष्णतेवर परिषद भरवली. इमारतीत ऊन किती यावं, वारा कुठून यावा, भिंत किती जाड असावी आणि छत किती तापू द्यावं याची नवी नियमावली दिल्लीहून आली होती, ती आम्हा लोकांच्या गळी उतरवायची होती. परिषद आधी भंडारदऱ्याला ठरली होती. धरणाच्या काठचं विश्रामगृह, गार वारा, सगळं झकास जमलं होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लोक रस्त्यावर खडी फोडताहेत आणि साहेबलोक थंड हवेत बसून उकाड्यावर बोलणार, हे पेपरात आलं तर बरं दिसणार नाही. म्हणून परिषद नगरला आली, ऐन फाल्गुनात, एका शाळेच्या सभागृहात. उष्णतेवर बोलायचं तर उकाड्यातच बोलावं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि घाम पुसला.

मी तेव्हा ओव्हरसियर होतो. परिषदेत माझ्याकडं नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळायचं काम होतं. वक्ता म्हणेल तो नकाशा फळ्यावर टाचायचा आणि त्याचं बोलून झालं की काढायचा. ऐकायची माझ्यावर सक्ती नव्हती. तरी मी कान देऊन बसलो होतो, कारण त्या परिषदेतून मला घरी एक गोष्ट न्यायची होती.

माझी बायको नर्स. तिसगावच्या पुढं एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक होती आणि दवाखान्याच्या मागं राहायला क्वार्टर होतं, आमच्याच खात्यानं बांधलेलं. मी नगरला भाड्याच्या खोलीत राहायचो, शनिवारी एसटी धरून तिकडं जायचो. त्या क्वार्टरचा मागचा उन्हाळा आम्ही दोघांनी कसा काढला ते आमचं आम्हालाच माहीत. दुपारी तीननंतर झोपायच्या खोलीच्या भिंतीला हात लावता येत नसे. ताप मोजायचे थर्मामीटर ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायची. एक वर फळीवर राहिला तर नुसत्या खोलीच्या उकाड्यानं फुटला. आता ती बाळंतपणाला नगरलाच माहेरी होती. आम्हाला मुलगी झाली होती, जेमतेम महिन्याची. चैत्रात रजा संपत होती आणि बाळाला घेऊन त्याच खोलीत परत जायचं होतं.

"तान्ही पोरं उन्हानं कशी मलूल होतात ते मी रोज बघते," ती मला म्हणाली होती. "ती खोली निवली नाही तर मी राजीनामा देणार. पोरीला त्या भट्टीत नेणार नाही."

राजीनामा हा शब्द तिनं सहज काढला नव्हता. नर्सिंगला जाण्यासाठी ती घरात किती भांडली होती, पहिल्या नेमणुकीचा कागद कसा चार वेळा उलगडून वाचला होता, हे मला ठाऊक होतं. खोली निवली तरी बाळाकडं बघायला माझी आई लागणार होती, कारण नर्सबाईला दिवसभर वाड्यावस्त्या पालथ्या घालाव्या लागतात. आई श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावाहून यायला एका पायावर तयार होती. तेव्हा सगळं त्या खोलीवर येऊन अडलं होतं, आणि खोली कशी निववावी हे सांगणारे लोक आपल्याच गावात येणार म्हणून मी आशेनं बसलो होतो.

पहिल्या तासाभरात माझी आशा गोत्यात आली. उत्तरेकडच्या कुठल्याशा संशोधन संस्थेतून एक तज्ज्ञ आले होते, सडपातळ, मृदू आवाजाचे. ते पडद्यावर चित्रं दाखवणार म्हणून सभागृहाच्या सगळ्या खिडक्यांना काळे कागद डकवले होते. त्या बंद अंधारात शंभर-एक माणसं बसली आणि तज्ज्ञ वायुवीजनावर बोलू लागले. भिंतीतून उष्णता किती जाते याचा एक आकडा असतो, तो लहान असला की चांगला. मग त्याचा उलटा आकडा असतो, तो मोठा असला की चांगला. मला दोन्ही समजले आणि लगेच दोन्हींची सरमिसळ झाली. शेजारचा ओव्हरसियर मला म्हणाला, "लहान चांगला का मोठा?" मी म्हणालो, "कुठला?" तो म्हणाला, "तेच तर विचारतोय." निवृत्तीला आलेले एक डेप्युटी इंजिनियर उठून म्हणाले की हे सारं फॅरनहाइटमध्ये आणि फुटात सांगा म्हणजे डोक्यात शिरेल. त्यांना तसं सांगितलं तेव्हा ते मान हलवून खाली बसले आणि शिरलं नाही हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

मग तज्ज्ञांनी एकेक चिठ्ठी वाटली. या क्षणी तुम्हाला कसं वाटतंय, एवढंच त्यावर विचारलं होतं: गार, सुखद, किंचित गरम, गरम, असह्य. ज्याला जे वाटेल त्यावर खूण करायची. सोपं काम होतं. पण शंभर पेन्सिली हवेतच थांबल्या. पहिल्या रांगेत आमचे सर्वांत मोठे साहेब बसले होते, त्यांच्यासमोर शाळेचा एकुलता एक टेबलफॅन. साहेबांनी 'सुखद'वर खूण केली. दुसऱ्या रांगेनं ती वाकून पाहिली, तिसरीनं दुसरीची पाहिली. आमच्यापर्यंत येईतो माझ्या हाताचा घाम चिठ्ठीवर उतरला होता आणि मीही 'सुखद'वरच खूण केली. तज्ज्ञांनी चिठ्ठ्या चाळल्या, आमच्या ओल्या सदऱ्यांकडं पाहिलं, पुन्हा चिठ्ठ्या चाळल्या. त्यांचा चेहरा इतका गोंधळला होता की मला त्यांची दया आली. शेवटी ते म्हणाले की या भागातले लोक काटक दिसतात.

चहानंतर आमच्या मतलबाचा विषय निघाला. तज्ज्ञांच्या माणसांनी मागच्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच क्वार्टरांमधून उष्णता मोजून नेली होती. ही सगळी क्वार्टरं एकाच नमुन्याची. मुंबईच्या कार्यालयानं एकदाच नकाशा काढलेला आणि आम्ही गावोगाव तोच बांधलेला. तज्ज्ञ म्हणाले की या नकाशात चूक नाही. गणितानं ही घरं गार असायला हवीत. मग झोपायची खोली दुपारी अशी का पेटते? मी हातातली गुंडाळी खाली ठेवली, कारण ते माझ्याच बायकोच्या खोलीबद्दल बोलत होते.

यावर जो तो उठला. विटा कच्च्या आहेत, कुणी म्हणालं. छपरावरचा कोबा पातळ आहे, कुणी म्हणालं. इथली हवाच तशी, असं एकानं ठासून सांगितलं आणि पुष्कळांना ते पटलं. मला दोन माणसं एकदम बोलली तरी कळेनासं होतं, इथं तर दहा बोलत होती. मी गप उभा राहून फळ्यावर टाचलेल्या नकाशाकडं बघत होतो. त्यात घराला दोन बाजूंनी पडवी होती, दक्षिणेला आणि पश्चिमेला, आणि दार त्या पडवीत दक्षिणेला. झोपायची खोली मागं, ईशान्येच्या कोपऱ्यात, सावलीत. आणि माझ्या बायकोच्या क्वार्टरला तर पडवी उत्तरेला न् पूर्वेला होती, अन् झोपायची खोली पश्चिमेचं ऊन छातीवर घेत उभी होती.

"साहेब," मी म्हणालो, "हा नकाशा आपण फिरवून बांधतो."

तज्ज्ञांनी विचारलं, फिरवून म्हणजे काय? मी टाचण्या काढल्या आणि नकाशा खालचा वर करून दाखवला.

"का?" ते म्हणाले.

आता मीच गोंधळलो. हे काय विचारणं झालं? "दार दक्षिणेला येत होतं ना," मी म्हणालो.

शंभर माना हलल्या. अर्थातच. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडं घराचं तोंड कोण करील? हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मुंबईचा नकाशा आला की पहिल्यांदा तो फिरवायचा हे प्रत्येक तालुक्यात प्रत्येकाला आपोआप कळलं होतं, आणि मुंबईला वर्षानुवर्षं वाटत होतं की इथं घरं त्यांच्या नकाशावरच्या उत्तरेच्या बाणाप्रमाणं उभी आहेत. असा काही लेखी नियम आहे का, असं तज्ज्ञांनी विचारलं. मोठे साहेब म्हणाले, "लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीतच असतं."

मग तज्ज्ञांनी मागणी केली की एक तरी क्वार्टर नकाशाप्रमाणं करून द्या. आतल्या खोल्या फिरवता येणार नाहीत, पण पडवी दक्षिण-पश्चिमेला घाला, दार दक्षिणेला काढा आणि उत्तरेचं दार बुजवून तिथं खिडकी करा. उत्तरेचं दार राहू द्या की, एक जण काकुळतीला येऊन म्हणाले. तज्ज्ञ म्हणाले की मग वारा हवा तसा फिरणार नाही आणि प्रयोगाला अर्थ राहणार नाही. साहेबांनी प्रायोगिक तत्त्वावर मंजुरी दिली आणि विचारलं की कुठल्या तालुक्यात करायचं. एकही हात वर आला नाही. सगळे शास्त्र शिकलेले, नियमावली मांडीवर घेऊन बसलेले, आणि जो तो आपापल्या नखांकडं बघत होता.

"बांधायला काय, बांधू," कुणीतरी म्हणालं. "त्यात राहणार कोण?"

"माझी बायको राहील," मी म्हणालो.

हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले ते मला आजही सांगता येत नाही. सभागृह हसलं, साहेबही हसले, आणि त्या हसण्यातच क्वार्टर मंजूर झालं. मी मात्र नकाशा सुलटा की उलटा टाचायचा या विचारात टाचण्या हातात घेऊन उभा राहिलो.

संध्याकाळी सासुरवाडीला गेलो. बायकोनं मुलीला मांडीवर थोपटत सगळं ऐकून घेतलं. मला विचारल्याशिवाय कबूल केलंत, असं ती म्हणेल म्हणून मी तयारीनं गेलो होतो.

"सावली येईल ना नक्की?" तिनं विचारलं.

"येईल."

"मग दार कुठंही असू दे. राजीनामा नाही देत." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आईंना तुम्हीच सांगा."

रविवारी गावी गेलो. आई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मी सगळं समजावून सांगितलं, पश्चिमेचं ऊन, पडवी, वारा. आकड्यांना हात घातला नाही, कारण ते मला कळले नव्हते. तिनं सूप खाली ठेवलं.

"दक्षिनंला दार? आन त्यातनं तान्ह्या पोरीला आत न्ह्यायचं?"

"आई, ते साहेब दिल्लीकडचे, मोठे शिकलेले..."

"त्यांस्नी ऱ्हायाचं हाय का त्यात?"

परिषदेतही हाच प्रश्न निघाला होता.

"आरं, ज्या अंगाला यमाचं घर, त्या अंगाला दार उगडून तू त्याला पोरगी दावतूस व्हय?" तिनं सूप पुन्हा उचललं. "मी न्हाई यायची. त्या घरात मी पाऊल टाकनार न्हाई."

मी चिडलो. अडाणीपणा म्हणालो, आणखीही काहीबाही बोललो. आई पाखडत राहिली. परतीच्या गाडीत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. दार न काढावं तर उन्हात पोर. काढावं तर आई नाही, आणि आई नाही म्हणजे बायकोची नोकरी नाही. त्यातून खरं सांगायचं तर आईचं बोलणं मला पुरतं खोटंही वाटत नव्हतं. मी स्वतः कधी दक्षिणेला तोंड करून जेवायला बसलेलो नाही.

काम सुरू झालं. गवंड्यानं भिंतीला पहिला घाव घालायच्या आधी मला तीनदा विचारलं, "सायेब, ह्याच भिताडाला ना?" मग त्यानं स्वतःच्या खर्चानं नारळ फोडला. सुताराचं दार बसलं, कौलारू पडवी चढली, उत्तरेच्या दाराची खिडकी झाली. खोलीत शिरलो की फरक लगेच कळायचा, त्यासाठी चिठ्ठीवर खूण करायची गरज नव्हती. गावातले लोक बघायला यायचे, पडवीत टेकायचे, "गार हाय लई" म्हणायचे आणि जाताना दाराकडं न बघता जायचे.

रजा संपायला आली. निघायचा दिवस मी आईला पत्रानं कळवून ठेवला. बायको म्हणाली, "आपण जाऊ तर खरं. थोडे दिवस मी रेटते. नाहीच जमलं तर बघू." बघू म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. बाळाला पदराखाली घेऊन ती नगरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभी राहिली, आणि पाहतो तर श्रीगोंद्याच्या गाडीतून आई उतरली. काखेत गाठोडं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखं बोलून गेलो, "पटलं ना शेवटी?"

"काय पटायचंय?" आई म्हणाली आणि सुनेच्या हातातून नातीला घेऊन गाडीत चढली. तिसगाव येईपर्यंत ती माझ्याकडं पाठ करून नातीशीच बोलत होती. मला काहीच समजेना. येणार नाही म्हणाली होती, ती आली. आणि आली तर रागातच होती.

क्वार्टरपाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पडवीत सावली होती. नव्या दाराचं कुलूप मी काढलं. आईनं भाकरतुकडा बाळावरून ओवाळून टाकला, पाणी ओवाळलं. बायको बाळाला घेऊन उंबऱ्याकडं निघाली तशी आई म्हणाली, "थांब."

तिनं चपला काढल्या. दाराकडं तोंड करून हात जोडले. आणि डोक्यावर पदर घेऊन ती त्या दारातून एकटीच आत गेली. आतून सगळ्या खोल्यांमधून फिरून आली, उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि मग हात पुढं केले. "आन आता तिला."

बायकोनं बाळ तिच्या हातात दिलं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत आत गेलो.

जेवणं झाली. बायको दवाखान्यात हजर व्हायला गेली. बाळ खोलीत झोळीत शांत झोपलं होतं. तीन वाजून गेले तरी भिंत गार होती. मी बाहेर आलो तर आईनं घोंगडी नेमकी दारात अंथरली होती, उंबऱ्याला लागून, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, आणि तिच्यावर ती पडली होती. दाराबाहेरून उन्हाच्या झळा तिच्या अंगावर येत होत्या. मला वाटलं, वाऱ्यासाठी पडली असेल.

"आई, आत खोलीत पड ना. तिथं गार आहे, बघ तरी. आता तरी पटेल तुला की दारात काही नसतं."

तिनं डोळे उघडले नाहीत.

"न्हाई कसं? हाय तर. म्हनून तर हितं पडलीया," ती म्हणाली. "माझं वय झालं. कुनी आलंच तर त्याला आदी मी लागते पायात. तू जा आत, पोरगी उठंल."